खालच्या मजल्याचे कान

दिवाळीच्या दिवसांत आवाजाविषयी कुरकुर करणे हे आपल्याकडे अरसिकपणाचे लक्षण समजतात. तेव्हा हा लेख फटाक्यांविषयी नाही, हे आधीच सांगून टाकतो. फटाके चार दिवसांचे. मला लिहावयाचे आहे ते उरलेल्या ३६१ दिवसांच्या एका आवाजाविषयी; म्हणजे ज्या घरात कोणी ड्रम शिकत आहे त्या घराविषयी, आणि त्याहून अधिक, त्या घराच्या खालच्या घराविषयी.

पूर्वी मध्यमवर्गातले मूल संगीत शिकू लागले म्हणजे घरात पेटी येई, तबला येई, हौस दांडगी असली तर सतार. ड्रम आपण पाहिला तो वरातीच्या बँडमध्ये, नाहीतर सिनेमात. आमच्या नातीने मात्र वयाच्या तेराव्या वर्षी ड्रमच शिकायचा म्हणून हट्ट धरला. तिच्या वडिलांनी गिटार सुचवून पाहिली, आईने भरतनाट्यम् सुचवले. मी काहीच सुचवले नाही. आजोबांनी अशा वेळी वर्तमानपत्र वाचावे हे उत्तम. दोन वर्षे ती शिकवणीला गेली आणि तिचे मास्तर म्हणाले, की लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेला बसायचे तर घरी रोज तासभर हात आणि पाय चालले पाहिजेत. तेव्हा प्रश्न आमच्या दिवाणखान्यात येऊन उभा राहिला. ठाण्यातली सात मजली इमारत, आम्ही चौथ्यावर.

‘हात आणि पाय’ हे मास्तरांचे शब्द लक्षात ठेवा. सगळी मेख त्या ‘पाय’मध्ये आहे.

आपला तबला घ्या. तबलजी मांडी घालून बसतो, आणि तबला व डग्गा दोन्ही कापडाच्या चुंबळीवर ठेवलेले असतात. चुंबळ ठेवतात ती वाद्य डळमळू नये म्हणून. पण तिचा दुसरा गुण असा, की थापेचा हादरा जमिनीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बराचसा त्या कापडात मुरतो. विलायती ड्रमला चुंबळ नाही, लोखंडी पाय आहेत. शिवाय सगळ्यांत मोठा, खर्जाचा ड्रम हाताने वाजवायचाच नसतो. जमिनीवर ठेवलेले पेडल पायाने दाबले की त्याच्या टोकाची हातोडी ड्रमवर आदळते. १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी हे पेडल चपळ आणि सुटसुटीत करून बाजारात आणले, आणि पूर्वी दोन-तीन माणसे मिळून जे वाजवीत ते एकट्याला बसल्या जागी वाजवता येऊ लागले. वाद्यवृंदांचा पगार वाचला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा विचार लुडविग बंधूंनी केला असण्याचा संभव कमी.

खऱ्याखुऱ्या ड्रमचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानाशी सहज १०० डेसिबलच्या वर जातो. डेसिबलचे गणित थोडे फसवे आहे: १० वाढले की ध्वनीची शक्ती १० पट होते, कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. आपल्या देशात सन २००० पासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. १०० चे ५५ करायचे म्हणजे खोलीला तिजोरीसारखे दार हवे. आपल्या घरांना असते काय? सरकत्या काचांच्या खिडक्या, दाराखाली बोटभर फट, आणि न्हाणीघराची झडप. आवाज पाण्यासारखा असतो. भिंत कितीही जाड असो, तो फटीतून जातो. एकंदर क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी जागा उघडी राहिली, तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी आवाज २० डेसिबलपेक्षा अधिक घटत नाही.

आमच्या चिरंजीवांनी मित्राच्या सांगण्यावरून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे जमवायला सुरुवात केली होती. ते भिंतीला डकवले की आवाज बाहेर जात नाही, अशी एक समजूत शिकल्यासवरल्या लोकांतही आहे. तसे काही नाही. पुठ्ठा, फोम, गोधड्या यांनी खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज थोडा कमी होतो, तोही वरच्या पट्टीतला. आवाज अडवायला वजन लागते, आणि अंड्याच्या ट्रेला वजन नसते. हे मी चिरंजीवांना सांगितले. त्यांनी ट्रे तसेच गच्चीवर नेले, तेथे सध्या सूनबाईंची मेथी उगवते.

तेव्हा आवाज अडवण्याच्या भानगडीत न पडता तो निर्माणच कमी करावा, हा शहाणपणाचा मार्ग. त्याचे दोन प्रकार आहेत. एक, साध्याच ड्रमवर प्लॅस्टिकच्या पडद्याऐवजी जाळीचा पडदा चढवायचा आणि बारीक भोके पाडलेल्या झांजा लावायच्या. जाळीतून हवा निघून जाते, त्यामुळे ड्रमची छाती भरत नाही. दुसरा प्रकार विजेच्या ड्रमचा. १९९७ साली जपानच्या रोलँड कंपनीने जाळीच्या पडद्याचे विजेचे ड्रम काढले. काठी जाळीवर पडते, खालचे यंत्र तो ठोका ओळखते, आणि खरा ड्रमचा आवाज फक्त वाजवणाऱ्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये वाजतो. आम्ही हा दुसरा प्रकार आणला. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले, “शेजाऱ्याला पत्तासुद्धा लागणार नाही.”

आणि दिवाणखान्यात बसून ऐकले तर त्याचे म्हणणे अगदी खरे वाटे. नात डोळे मिटून वाजवते आहे, आणि आपल्याला ऐकू येते ते फक्त टपटप, टपटप. पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे. सूनबाई शेजारच्या खोलीत निवांत फोनवर बोलत. आठवडा असा आनंदात गेला.

आठव्या दिवशी भरदुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्या एका इस्पितळात परिचारिका आहेत, महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. डोळे तारवटलेले. भांडायला आल्या नव्हत्या. भांडायचे त्राणच नव्हते. दारातच म्हणाल्या, “काका, तुमच्याकडे सुतारकाम अजून किती दिवस चालणार आहे? एक वाजता झोपले की कुणीतरी उशाशी खिळे ठोकतंय असं वाटतं.”

सुतारकाम! हा शब्द ऐकला आणि रोगाचे निदान झाले. बाईंना ड्रम ऐकू येतच नव्हता. त्यांना ऐकू येत होता नातीचा उजवा पाय.

येथे थोडे स्लॅबविषयी बोलले पाहिजे. ह्या सदराच्या वाचकांना माझी ही सवय ठाऊक आहे. उभी हयात बांधकाम खात्यात गेली, त्याला इलाज नाही. सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलो भरते. वरच्या घरातले बोलणे, रेडिओ, भांडण असल्या हवेतून येणाऱ्या आवाजांना ही जड पाटी चांगली अडवते. परंतु त्याच स्लॅबवर काही कठीण वस्तू प्रत्यक्ष आदळली, तर गोष्ट वेगळी. मग हवेचा संबंधच राहत नाही. हादरा थेट काँक्रीटमध्ये शिरतो, काँक्रीट तो मुरवून घेत नाही, तुळया आणि भिंतींतून लांबवर नेते, आणि खालच्या खोलीचे सबंध छतच ड्रमच्या पडद्यासारखे थरथरते. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा आवाज तुम्हाला कधी ऐकू येत नाही, पण त्यांनी खलबत्त्यात वेलदोडे कुटायला घेतले की दोन मजले खालीही कळते, त्याचे कारण हेच.

आणि ह्यावरचा उपाय आपल्या आज्ज्यांना ठाऊक होता. बत्ता उचलण्यापूर्वी त्या खलाखाली पोत्याची जाड घडी घालीत.

असो. नातीने बाईंचे बोलणे आतून ऐकले होते. संध्याकाळी ती म्हणाली, “आबा, विकून टाका तो. त्या रात्रभर पेशंट सांभाळतात आणि मी त्यांना झोपू देत नाही.” पंधरा वर्षांच्या पोरीने एवढे म्हणावे याचे कौतुक वाटले, पण तिचा चेहरा पाहवेना. नियमावर बोट ठेवायचे तर आमची बाजू भक्कम होती: दुपारचा एक हा कायद्याने दिवसच. पण ज्या बाईची रात्र सकाळी आठला सुरू होते तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मी बाईंची परवानगी घेऊन त्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या निजायच्या खोलीत जाऊन बसलो आणि नातीला वर वाजवायला सांगितले. ज्यांच्या घरी ड्रम आहे त्या प्रत्येकाने हे एकदा करावे. वर बसून खालच्याची कल्पना येत नाही. हातांचे काम जवळजवळ ऐकू येत नव्हते. पाय मात्र धप्, धप्, धप्धप्. मोबाइलमधले डेसिबल मोजणारे यंत्र मात्र निर्विकार; आकडा पंख्याच्या आवाजापुढे फारसा सरकत नव्हता. ही यंत्रे बहुधा माणसाच्या कानाच्या हिशेबाने मोजतात, म्हणजे खर्जाला कमी लेखतात. कोणी तुम्हाला असा आकडा दाखवून ‘आवाज नाहीच’ म्हणाला तर त्याला म्हणावे, स्टीलची वाटी काठोकाठ पाण्याने भर आणि फरशीवर ठेव. बाईंच्या पलंगाशेजारच्या तिपाईवर औषधाचा पेला होता, त्यातल्या पाण्यावर प्रत्येक ठोक्याला बारीक वर्तुळे उठत होती.

पहिला उपाय फुकटचा. स्लॅब सर्वांत जास्त हलतो तो मधोमध, आणि सर्वांत कमी हलतो तो तुळई आणि खांब यांच्याजवळ. वाद्य आम्ही खोलीच्या मध्यावर मांडले होते. शिवाय आपल्या इमारती एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारख्या असतात: आपल्या झोपायच्या खोलीखाली त्यांचीही झोपायचीच खोली. म्हणून वाद्य उचलून जेवणाच्या जागेत, खांबाच्या कोपऱ्यात नेले. खाली बाईंचे स्वयंपाकघर येते. जेवणाचे टेबल दिवाणखान्यात आले. सूनबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण खाली फरक पडला, निम्म्याने नव्हे, तरी कळण्याइतका.

दुसरा उपाय, म्हणजे खलाखालचे पोते. बाजारात पातळ रबराच्या चटया मिळतात, गालिचे मिळतात. त्यांनी काठीचा टणत्कार मरतो, पायाचा धपका मरत नाही. हादरा तोडायला दोन गोष्टी एकत्र लागतात: वर भरपूर वजन आणि खाली स्प्रिंगसारखे काहीतरी मऊ. हे मऊ किती असावे त्याचे एक सोपे गणित आहे. वरच्या ओझ्याने ते १ मिलिमीटर दबले, तर ते सगळे सेकंदाला सुमारे १६ हेलकावे घेऊ शकते. ४ मिलिमीटर दबले तर ८. ह्या आकड्याच्या दीडपटीहून वेगाने येणारे हादरे ते अडवू लागते आणि जितके वेगाचे तितके अधिक अडवते. पायाच्या ठोक्यातला त्रासदायक भाग सेकंदाला तीसपासून पुढच्या कंपनांचा असतो. म्हणजे चारपाच मिलिमीटर दबणारी गादी आपल्याला हवी. पातळ चटई इतकी दबतच नाही; आणि उशी घातली तर ती पार चपटी होऊन पुन्हा दगडच.

ह्या कामाला उत्तम आणि स्वस्त वस्तू म्हणजे टेनिसचा चेंडू. ही कल्पना माझी नव्हे, परदेशांतले ड्रमवाले ती फार दिवसांपासून वापरतात. मी केले ते असे. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे ६ फूट बाय ४ फुटांचे तीन तक्ते सुताराकडून कापून घेतले. एक तक्ता जमिनीवर. त्यात पाच सेंटिमीटर व्यासाची २४ भोके, सारख्या अंतरावर. भोकात चेंडू बसतो, पण बुडत नाही, सेंटिमीटरभरच आत जातो. त्यावर उरलेले दोन तक्ते एकमेकांना स्क्रूने घट्ट आवळून ठेवले. वजन हवे म्हणून दोन. त्यांचे पन्नासेक किलो, वाद्य आणि स्टूल चाळीस, नात पंचेचाळीस. एकूण १३५. चोवीस चेंडूंत वाटले तर प्रत्येकाच्या डोक्यावर साडेपाच किलोंच्या आसपास.

चेंडू एका जिमखान्यातून वापरलेले आणले, पोतेभर. येथे मात्र निवड करावी लागते. जुन्या चेंडूंतली हवा कमीजास्त गेलेली असते. एक कडक आणि दुसरा मऊ असले तर तक्ता डुगडुगतो आणि सगळा भार कडक चेंडूंवर येतो. सूनबाईंचा स्वयंपाकघरातला काटा मागून घेतला, एकेक चेंडू त्यावर ठेवून फळीने दाबला, काटा साडेपाच किलोंवर आला की फूटपट्टीने उंची मोजायची. सत्तरएक चेंडूंतून चार ते पाच मिलिमीटर दबणारे चोवीस आणि राखीव सहा निघाले. ह्या कामी नातीने वही धरली होती. सूनबाई तोपर्यंत बोलू लागल्या होत्या, पण काटा धुऊन द्या एवढेच.

तक्ते मांडताना एक पथ्य कसोशीने पाळावे. वरचा तक्ता कशालाही टेकता कामा नये. भिंतीला नाही, खांबाला नाही, खाली चुकून राहिलेल्या खिळ्यालाही नाही. एवढासा पूल मिळाला तरी हादरा त्यावरून चालत जातो आणि चोवीस चेंडू नुसते पाहत बसतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी झांजेच्या स्टँडचा एक पाय तक्त्याबाहेर, फरशीवर टेकला होता. तो आत घेतला आणि खालचा धपका तेवढ्यानेच पुष्कळ उतरला. वाजवणाऱ्याला तक्ता किंचित झुलल्यासारखा वाटतो. चार दिवसांत सवय होते.

तिसरा उपाय मास्तरांनी सांगितला, तोही फुकटचा. पेडल दाबताना टाच उचलून सबंध पायाचे वजन टाकण्याऐवजी टाच पेडलवर टेकवूनच घोट्यातून ठोका मारायचा. ठोका हलका पडतो. नातीला प्रथम हे शिक्षाच वाटले. तिच्या आवडीचे सगळे वादक टाच उचलून वाजवतात म्हणे. पण घोट्याला त्याने जी शिस्त लागते ती परीक्षेत उपयोगी पडते, असे मास्तरांचे मत.

हे सगळे झाल्यावर मी पुन्हा बाईंच्या खोलीत जाऊन बसलो. ह्या वेळी त्याही बसल्या होत्या. पेल्यातले पाणी स्थिर. “आता कान देऊन ऐकलं तरच कळतं,” त्या म्हणाल्या, “पण तो किणकिण आवाज कसला?” तो कपाटावरच्या काचेच्या तसबिरीचा निघाला, नेमक्या एका ठोक्याला तिची सैल काच थरथरत होती. कागदाची घडी खोचून ती बंद केली. अशी सैल काच, सैल कडी, कपाटावरचा डबा प्रत्येक घरात असतो, आणि हादरा कमी झाला की मगच तो ऐकू येतो.

तरी रात्रपाळीच्या आठवड्यांत नात सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत पेडलला पाय लावत नाही. काठ्या आणि रबराची छोटी थाळी घेऊन नुसत्या हातांचे धडे गिरवते. बाईंच्या पाळ्यांचा तक्ता आमच्या फ्रिजवर लावलेला असतो. हे कोणी मागितले नव्हते, नातीनेच जिना उतरून तो लिहून आणला. मार्चमध्ये परीक्षा झाली. निकाल काय लागला ते तिच्या परवानगीशिवाय छापायचे नाही असे ठरले आहे, पण वाद्य अजून घरात आहे.

चेंडूंना मात्र म्हातारपण येते. सात-आठ महिन्यांत त्यांतली हवा आणखी उतरते आणि तक्ता एका बाजूला कलू लागतो, म्हणून दर दिवाळीला आणि होळीला सगळे काढून पुन्हा काट्यावर घालावेत.

परवा बाई विचारायला आल्या होत्या, की राखीव चेंडूंपैकी चार मिळतील का. त्यांचे कपडे धुण्याचे यंत्र पिळताना इतके नाचते, की आता तळमजल्यावरचे गृहस्थ तक्रार करतात. चेंडू मी दिले नाहीत. त्या यंत्राचे पिंप मिनिटाला हजार फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा. तिथवर जाताना ते नेमके चेंडूंच्या आठ हेलकाव्यांच्या वेगातून जाणार, आणि त्या क्षणी यंत्र चेंडूंवरून उडी मारील. त्याला कडक रबराचे पाय हवेत, आणि त्याआधी चारही पाय जमिनीला सारखे टेकले आहेत की नाही ते पाहायला हवे. रविवारी पाणसळ घेऊन खाली जायचे ठरले आहे.